कूलरची वीज जाते कुठे? पॅड, पंखा आणि मोटर यांचा प्रवास

पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, त्यासाठी वीज लागत नाही. एक लिटर पाणी उडून जाताना हवेतून सुमारे २,४३० किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.६७ युनिट उष्णता घेते. वीज लागते ती हवा ढकलायला आणि थोडीशी पाणी वर चढवायला. इराणमधल्या वारा घरात आणणाऱ्या बादगीर मनोऱ्यांत आणि दारा-खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ओल्या पडद्यांत हे काम वाराच करत असे. अमेरिकेच्या वाळवंटी नैर्ऋत्य भागात १९३० च्या दशकात पेटीत पंखा बसवलेले कूलर पसरले आणि तेव्हापासून कार्यक्षमतेचा प्रश्न मुख्यतः पंख्याचा झाला.

मोजमापाची सोय त्याआधीच झाली होती. अमेरिकन अभियंता विलिस कॅरियर यांनी १९११ मध्ये हवेतील उष्णता आणि ओलावा यांची सूत्रे मांडली. साधा कूलर हवेला वेट बल्ब तापमानाच्या, म्हणजे ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीवर वाऱ्यात दिसणाऱ्या तापमानाच्या, खाली नेऊ शकत नाही. बाहेरच्या तापमानापासून तिथपर्यंतचे किती टक्के अंतर कापतो, ती पॅडची परिणामकारकता. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला वेट बल्ब सुमारे २२.५ अंश असतो. ६५ टक्क्यांचा पॅड २८.६ अंशांची हवा देतो, ८५ टक्क्यांचा साधारण २५ अंशांची. वीज तेवढीच, पण गारवा जास्त.

लाकडाच्या तारेसारख्या काड्यांचे जुने पॅड भिजून खाली बसत. वर पोकळी पडे आणि बरीचशी हवा तिथूनच कोरडी निसटे. स्वीडनच्या मुंटर्स कंपनीमुळे परिचित झालेल्या सेल्युलोजच्या हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या पॅडने हा दोष घालवला. त्याचे नागमोडी कागद वेगवेगळ्या कोनांत चिकटवलेले असल्याने पॅड आकार धरून राहतो. मात्र त्याला पाणी भरपूर लागते: वरच्या कडेच्या दर चौरस मीटरला मिनिटाला सुमारे ६० लिटर. कमी पडले की कोरडे पट्टे उरतात आणि त्यांच्या कडेला क्षार साचून वाटा बुजतात. उडून जाणारे पाणी क्षार मागेच ठेवते, त्यामुळे टाकीतले थोडे पाणी सतत काढून टाकावेच लागते. हे टाळणे म्हणजे पॅड वेळेआधी घालवणे.

पॅड जाड केला की परिणामकारकता वाढते, पण हवेचा अडथळाही वाढतो. म्हणून जाडीपेक्षा क्षेत्रफळ वाढवणे आम्हाला केव्हाही श्रेयस्कर वाटते. तेवढीच हवा मोठ्या पॅडमधून हळू जाते आणि पाण्याचे थेंबही सोबत उडत नाहीत.

पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्के कमी केला तर वीज जवळजवळ निम्मी होते. जुन्या रेग्युलेटरने हा फायदा पुरता मिळत नसे, कारण मंद वेगात मोटरच तापे. लहान कूलरमधल्या साध्या, स्वस्त शेडेड पोल मोटरची कार्यक्षमता तर ३० टक्क्यांच्या आसपासच असते. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरने ही गळती खूप कमी केली.

वेट बल्बची मर्यादा ओलांडणारी रचना म्हणजे व्हॅलेरी मैसोत्सेंको यांचे चक्र. त्यात कोरड्या वाटेने गार झालेल्या हवेचा काही भाग शेजारच्या ओल्या वाटेने परत फिरवून बाहेर सोडतात. त्यामुळे उरलेली हवा ओलावा न घेता दवबिंदूकडे, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातले दव पडू लागते तिकडे, सरकते. पण अरुंद वाटांतून ढकलण्याचा आणि सोडून दिलेल्या हवेचा भार पुन्हा पंख्यावरच पडतो.