वेबसाइट मोबाइलवर मुंग्यांसारखी बारीक का दिसते?

विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि बिल भरायला साइट उघडावी तर अख्खं पान मुंग्यांसारखं. आपल्याला वाटतं स्क्रीन लहान आहे म्हणून, पण खरं कारण वेगळंच आहे.

2007 ला पहिला आयफोन आला तेव्हा त्याची स्क्रीन 320 पिक्सेल रुंद होती, आणि वेबसाइट सगळ्या कॉम्प्युटरच्या मापाने बनवलेल्या. मग अ‍ॅपलने काय केलं, सफारी ब्राउझर पानाला सांगणार की माझी रुंदी 980 आहे, पान तेवढ्यात मांडलं जाणार आणि मग ते सगळं आवळून 320 मध्ये बसवणार. म्हणजे 16 पिक्सेलचं अक्षर साधारण 5 वर येतं! इंग्रजी त्यातही कसंबसं वाचता येतं, देवनागरीत मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, तिच्यावर अनुस्वार, खाली उकार, हे सगळं एवढ्याशा जागेत मावणार कसं? पानाने स्वतःहून काही सांगितलं नाही तर आजचे फोनही हेच करतात.

उपाय एका ओळीचा आहे. पानाच्या कोडच्या सुरुवातीला व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग, म्हणजे वाचणाऱ्याला न दिसणारी ब्राउझरसाठीची सूचना, टाकायचा आणि त्यात लिहायचं की फोनची जी खरी रुंदी असेल तीच धर. आता खरी रुंदी म्हणजे काचेवरचे ठिपके नव्हेत हं, 1080 ठिपक्यांचा फोन बऱ्याचदा स्वतःला 360 रुंद म्हणवतो, कारण तीन बाय तीन ठिपके मिळून एक पिक्सेल धरला जातो, त्यामुळे भारीतल्या स्क्रीनवरही अक्षर वाचण्याजोगं राहतं.

पण नुसत्या या ओळीने भागत नाही, तीन कॉलमचं पान 360 मध्ये कोंबलं तर काय होणार. 2010 च्या मे महिन्यात वेब डिझायनर ईथन मार्कोट यांनी यावर लेख लिहिला आणि रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हे नाव दिलं. मापं टक्क्यांत ठेवा, फोटो जागेनुसार आकसू द्या, आणि मीडिया क्वेरीने, म्हणजे स्क्रीनचं माप बघून लागू होणाऱ्या नियमाने, सांगा की रुंदी 600 च्या खाली गेली तर कॉलम एकाखाली एक लाव. साइट तीच, मांडणी बदलते.

मराठी साइटवाल्यांनी मात्र टेस्टिंग मराठीतच करावं असं मला मनापासून वाटतं. 'महानगरपालिकेच्या' हा एकच शब्द मोठ्या हेडिंगमध्ये स्क्रीनबाहेर जातो आणि अख्खं पान आडवं सरकायला लागतं. बटणाची उंची इंग्रजी शब्दावर ठरवली असेल तर 'शुल्क' चा उकार खालून कापला जातो. बटण बोटाच्या मापाचं हवं, गूगल 48 युनिट सांगतं म्हणजे साधारण 9 मिलिमीटर, हलत्या गाडीत अंगठ्याने दाबायचंय ना!

आणि झूम बंद करू नका, प्लीज. त्याच व्ह्यूपोर्टच्या ओळीत काही जण चिमटीने मोठं करायची सोय काढून टाकतात, पान नीटनेटकं दिसावं म्हणून, आणि चाळिशी लागलेल्या माणसाला काही वाचताच येत नाही. आयफोनच्या सफारीने 2016 पासून ही बंदी मानणंच सोडलंय. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंगमध्ये, अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन झूम जबरदस्तीने चालू करता येतं, आईबाबांच्या फोनवर आजच करून द्या.