खणीकाठच्या वस्त्या आणि गायरानाचा तिढा : पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या दगडखाणींच्या छोट्या गावांना बहुधा दोन वस्त्या असतात. एक जुने गावठाण : देऊळ, तालीम, दूध संस्था, सेवा सोसायटी. दुसरी माळावर, खणीच्या काठाला. पहिलीचा इतिहास ग्रामपंचायतीच्या दप्तरात सापडतो. दुसरीचा सहसा सापडत नाही, कारण सातबाऱ्यावर ती जागा आजही 'गायरान', म्हणजे चराईसाठी राखलेली जमीन, आहे. दगडाचा इतिहास सगळ्यांनी लिहिला, दगड फोडणाऱ्यांच्या जागेचा मात्र राहून गेला.

फार मागे जाण्याचे कारण नाही. रंकाळा तलाव मुळात दगडाची खाण होती, अंबाबाईच्या देवळाला तिथला दगड गेला, असे कोल्हापूर शहरात परंपरेने सांगतात. इथला काळा दगड दख्खनच्या लाव्हाचा. पश्चिमेला पन्हाळा-राधानगरीकडे माथ्यावर जांभा लागतो, पण तो वेगळा धंदा. संस्थानकाळात मागणी एकदम वाढली. नवीन राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला, १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि रुळांखाली खडी लागू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरी धरणाचे दगडी काम सुरू झाले. पुढे नदीनदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. त्यांचे दगडी खांब, त्यांतल्या खाचा आणि खाचांत बसणारे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) सगळ्यांना माहीत आहेत. ते खांब कुणी घडवले, हे मात्र कोनशिलेवर नसते.

घडवणारे मुख्यतः वडार. गाडी वडार दगड काढून वाहायचे, माती वडार बांध-तलावांची मातीकामे करायचे आणि जाते वडार जाती-पाटे घडवून विकायचे. घरातली बोली तेलुगूच्या वळणाची, बाजारातली मराठी. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत येतो. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, तरी पाल टाकून राहणाऱ्यांकडे बघायची नजर लगेच बदलली नाही. काम असेल तिथे मुक्काम हा रिवाज असल्यामुळे जमीन नावावर करून घेण्याची सवय नव्हती आणि तशी संधीही नव्हती. गावकीने माळाकडे बोट दाखवायचे आणि तिथे पाले पडायची.

हाताने दगड काढण्याची पद्धत मंद होती, पण त्यात वाया फार जात नव्हते. वरची माती आणि मुरूम काढला की मांजऱ्या लागतो. हा कुजका थर पहारीने निघतो, पण बांधकामाला निरुपयोगी. त्याखाली अभंग कातळ. त्यावर घणाचा टोला हाणून आवाज ऐकायचा : खणखणीत वाजला तर दगड एकसंध, बद्द वाजला तर आत चीर. मग जिथे फोडायचे त्या रेघेवर छन्नीने चार ते सहा इंचांवर दोन-तीन इंच खोल भोके पाडायची, त्यांत पोलादी पाचरी बसवायच्या आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सगळ्यांवर हलके टोले देत जायचे. एकाच पाचरीवर जोर दिला की रेघ सोडून कपरा उडतो आणि दगड डबरात जमा होतो. फेरीगणिक टोल्यांचा आवाज चढत जातो, मग तो अचानक बदलतो आणि दगड रेघेवर उकलतो. निघालेल्या मालाची प्रतवारी जागेवरच व्हायची : चौकोनी खांडकी भिंतीला, लांब दगड उंबरा-पायरीला, वेडावाकडा डबर पायाला, उरलेली खडी. जात्याला मात्र अगदी गुळगुळीत दगड चालत नाही. बारीक छिद्रांचा लागतो, कारण तो झिजताना खरबरीत राहतो. तरीही टाकी लावायला, म्हणजे झिजलेले जाते छन्नीने पुन्हा खरबरीत करायला, दारोदार फिरावेच लागायचे.

खडी फोडणे बायकांकडे. मजुरी ब्रासवर : १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. १० फूट लांब, १० फूट रुंद, एक फूट उंच असा ढीग लावून मोजणी व्हायची. ढीग सैल लावला तर फायदा मजुराचा, दाबून लावला तर ठेकेदाराचा, त्यामुळे मोजणीचा दिवस हा भांडणाचा दिवस. वर उचल. हंगामाच्या सुरुवातीला मुकादमाकडून घेतलेली रक्कम फिटेपर्यंत खण सोडता येत नसे, आणि पावसाळ्यात खणीत पाणी भरले की पुन्हा नवी उचल. तात्पुरते पाल त्यामुळेच कायमचे घर झाले. वस्ती 'घुसली' असे म्हणणाऱ्यांनी उचलीचा हिशोब एकदा मांडून पाहावा.

ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आणि क्रशर आल्यावर सगळे उलटले. क्रशरला घडीव दगड नको, जबड्यात मावेल असा कसलाही दगड चालतो. चाळणीवरून ४०, २० आणि १२ मिलिमीटरची खडी वेगळी होते, खाली ग्रिट आणि डस्ट उरते. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या चौपदरीकरणाने टोप-संभापूरच्या बाजूला हा धंदा फुगवला. नदीतल्या वाळूवर निर्बंध आले तशी पूर्वी टाकून दिली जाणारी कच धुऊन, चाळून 'क्रश सँड' म्हणून विकली जाऊ लागली. घणाची जागा सुरुंगाने घेतली. ऊस उत्पादकांच्या तक्रारी इथून सुरू होतात : पानांवर धूळ, विहिरींचे झरे तुटणे, भिंतींना तडे. तक्रारी खऱ्या आहेत. त्यांत वस्तीचे नाव का ओढले जाते, ते कळत नाही. क्रशर वस्तीच्या मालकीचा नसतो.

खणी इतक्या उभ्या आणि धोकादायक का झाल्या, याचे उत्तर खाणपट्ट्याच्या, म्हणजे खाणीसाठी ठरावीक मुदतीने दिलेल्या जमिनीच्या, आकारात आहे. एक एकर म्हणजे साधारण २०८ फूट चौरस. नियमाप्रमाणे पायऱ्या सोडत खाली जायचे, समजा दर २० फुटांवर २० फूट रुंद पायरी चारही बाजूंनी सोडली, तर दुसऱ्या टप्प्यावर १६८ फूट आणि तिसऱ्यावर १२८ फूट चौरस उरतात. साठ फूट खोलीला तळ मूळ क्षेत्राच्या सुमारे ३८ टक्के आणि एकूण दगडात जवळजवळ एक तृतीयांश घट. ही घट सोसण्यापेक्षा सरळ भिंत उतरवली जाते. पहिल्या पावसात मांजऱ्याचा थर भिजून वरून सुटतो, आणि तळाला काम करणाऱ्याला बाजूला व्हायला जागा नसते.

रॉयल्टीच्या, म्हणजे काढलेल्या दगडावर शासनाला द्यायच्या रकमेच्या, वादातही असाच एक पेच आहे. अभंग कातळाचा एक ब्रास साधारण आठ टन भरतो, खडीचा सव्वाचार ते साडेचार टन. म्हणजे खड्ड्यातला एक ब्रास ट्रकमध्ये पावणेदोनच्या पुढे जातो. वाहतूक पास ट्रकच्या ब्रासवर आणि टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने होणारी मोजणी खड्ड्याच्या आकारमानावर. दोन्हींचा मेळ कोणत्या गुणकाने घालायचा, यावर सुनावण्या चालतात. दंड बाजारमूल्याच्या पाच पटींपर्यंत असल्याने प्रकरण सहज मिटत नाही.

आता गायरान. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे चराईसाठी राखलेली जमीन शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची. जमिनीखालचे खनिजही शासनाचे. त्यामुळे गायरानात खाणपट्टे दिले गेले, त्यासाठी ठराव, मुदत, रॉयल्टी असा रीतसर रस्ता होता. त्याच गट नंबरात, खणीपासून पन्नास पावलांवर, तो दगड काढणाऱ्याने राहायचे कुठे याचा रस्ता मात्र कोणत्याही पट्ट्याच्या अटींत ठेवला गेला नाही. म्हणून खड्डा कायदेशीर आणि घर अतिक्रमण. पट्ट्याची मुदत संपली की ठेकेदार यंत्रे घेऊन जातो. घर तिथेच राहते आणि त्याचे अतिक्रमणही.

वस्तीकडे कागद नाहीत असे नाही. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचे दाखले असतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंदही असते. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा उतारा नव्हे. घरकुलाचा अर्ज भरताना हे पहिल्यांदा लक्षात येते, कारण तिथे जागा स्वतःच्या नावावर लागते.

अधिनियमात कलम ५० अतिक्रमण काढण्याचे, तर कलम ५१ ते नियमित करण्याचे आहे. अनेक वर्षे दोन्हींचा वापर न करता काम चालले. २८ जानेवारी २०११ ला देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला आणि १२ जुलै २०११ ला राज्याचा शासन निर्णय आला. त्या निकालात अपवाद आहेत : शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेला जमिनीचा पट्टा, किंवा जागेवर आधीच असलेली शाळा, दवाखाना यांसारखी सोय. वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, म्हणजे दुसऱ्या गटात तो बसत नाही. भूमिहीन मजूर तो नक्कीच आहे, पण त्याला पट्टा कुणी दिलेलाच नाही. अपवाद ज्यांना सगळ्यात जास्त शोभला असता, तेच त्यातून निसटले.

२०१८ मध्ये १ जानेवारी २०११ पूर्वीची शासकीय जागेवरची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण आले. गायरानातल्या घरांना त्याचा पक्का आधार मिळाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या याचिकेत वर्षअखेरपर्यंत गायराने मोकळी करण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये नोटिसा निघाल्या आणि कोल्हापुरात मोठा मोर्चा निघाला. मोर्चात शेतकरी, नोकरदार, दुकानदार असे सगळेच होते, कारण गायरानात घर बांधणारे फक्त खाणमजूर नव्हेत. पण दुसरे घर असलेला आणि नसलेला यांत नोटीस फरक करत नाही. सुरुंगाच्या धोक्याच्या परिघाचा नियम लावला, तरी पहिला फटका वस्तीलाच बसतो : काम थांबवायचे की घरे हलवायची, असा प्रश्न विचारला जातो आणि उत्तर ठरलेले असते.

बंद खणींचे पुढे काय, हा स्वतंत्र विषय. पाणी साठते, पोहायला उतरलेली मुले बुडतात, कारण उभ्या भिंतीला वर यायला पाय टेकायला जागा नसते. शहरात इराणी खण गणेश विसर्जनासाठी वापरात आली, पंचगंगेवरचा ताण कमी झाला. टोपच्या खणीत शहराचा कचरा टाकण्याच्या प्रस्तावाला मात्र गावाने विरोध केला आणि तो वाद वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. भरायला निघालेल्या खणीच्या काठाला कोण राहते, हे दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांत अभावानेच येते.

२०१२ पासून पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी लागते. तिचा खर्च आणि कागदपत्रे पेलणारे मोठे खाणमालकच टिकले; चार-सहा कुटुंबांनी मिळून घेतलेले छोटे परवाने मागे पडले. पारंपरिक दगडफोड्या कुटुंबांना ठरावीक ब्रासपर्यंत रॉयल्टीत सूट आहे, पण फोडायला खणच हाताशी नसेल तर ती कागदावर राहते. २०२५ च्या कृत्रिम वाळू धोरणात उत्पादक युनिटांना ब्रासमागे ६०० ऐवजी २०० रुपये रॉयल्टी ठेवली आहे. ही सवलत यंत्रांना आहे. त्या धोरणाखाली नव्याने जे पट्टे दिले जातील, त्यांच्या अटींत मजुरांच्या घरांसाठी गावठाण विस्ताराची जागा आधी निश्चित करण्याचे कलम घालता येईल. त्याची सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून करता येईल.