किनाऱ्यावरच्या रडारने समुद्राचा प्रवाह मोजण्यामागची पार्श्वभूमी

पुण्यात रडार म्हटले की पावसाचे रडार आठवते: कुलाब्याचे, नाहीतर आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मांढरदेवच्या डोंगरावर उभारलेले. त्यांच्या लहरी काही सेंटिमीटरच्या आणि सरळ रेषेत जाणाऱ्या, म्हणून त्यांना उंची लागते. समुद्राचे प्रवाह मोजणारे रडार नेमके याच्या उलट. ते 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, म्हणजे लहर 10 ते 100 मीटर लांब, आणि अँटेना पाण्याच्या जितकी जवळ तितकी बरी. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने उभ्या ध्रुवणाची (जिचे विद्युतक्षेत्र उभे दोलते अशी) लहर पृष्ठभागाला धरून क्षितिजापलीकडे जाते. मध्ये कोरड्या वाळूचा रुंद पट्टा आला की पल्ला कमी होतो. खडकवासल्याच्या गोड्या पाण्यावर तर हेच यंत्र फार दूर पोचणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारना समुद्रावरून येणारा प्रतिध्वनी दिसत होता, पण विमाने शोधणाऱ्यांना ती निव्वळ अडचण वाटे. त्यातली शिस्त न्यूझीलंडच्या डग्लस क्रॉम्बी यांनी 1955 मध्ये दाखवली. 13.56 मेगाहर्ट्झवर समुद्राकडून परतलेला संकेत अस्ताव्यस्त पसरलेला नव्हता; मूळ वारंवारतेपासून साधारण 0.38 हर्ट्झ अंतरावर तो ठळक दिसत होता. समुद्रावर हर लांबीच्या लाटा असतात, पण रडारच्या तरंगलांबीच्या बरोबर निम्म्या लांबीच्या लाटांचेच प्रतिध्वनी एकमेकांत मिळून बळकट होतात. म्हणजे ती तारीख, ती वेळ, तो वारा काहीही असो, रडार 11 मीटरच्या लाटाच निवडून पाहत होते. येणाऱ्या लाटा वारंवारता वाढवतात, जाणाऱ्या कमी करतात, त्यामुळे संकेताच्या आलेखात मूळ वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना एकेक शिखर उमटते.

प्रवाहाचे मापन याच शिखरांत दडलेले आहे. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या लांबीवरून काढता येतो. 4.4 मेगाहर्ट्झला लहर 68 मीटरची, निवडली जाणारी लाट 34 मीटरची, तिचा वेग सेकंदाला सुमारे 7.3 मीटर. म्हणून शिखरे 0.214 हर्ट्झवर यायला हवीत. दोन्ही एकाच दिशेला सरकलेली दिसली तर तेवढे सरकणे लाटेचे नव्हे, तिला वाहून नेणाऱ्या पाण्याचे. फक्त हे सरकणे फार बारीक असते: सेकंदाला 10 सेंटिमीटरचा प्रवाह जेमतेम 0.003 हर्ट्झचा फरक पाडतो. 1024 सेकंद, म्हणजे साधारण 17 मिनिटे, सलग ऐकले तर वेगाची एक पायरी 3 सेंटिमीटरच्या आसपास पडते. मोजला जातो तो वरच्या दोन-तीन मीटरांतला प्रवाह. तळाशी काय चालले आहे ते या यंत्राला कळत नाही.

एकटे रडार पाणी आपल्याकडे येते की आपल्यापासून जाते एवढेच सांगते. खरी दिशा काढायला दुसरे केंद्र हवे, आणि दोघांच्या नजरा एकमेकींना 30 ते 150 अंशांच्या दरम्यान छेदायला हव्यात. दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर हिशेब कोलमडतो. अमेरिकेत डोनाल्ड बॅरिक यांनी 1970च्या दशकात या प्रतिध्वनीचा सिद्धांत पक्का केला. 1977 मध्ये त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या कामात दोन हलवता येण्याजोग्या केंद्रांतून सुमारे 70 किलोमीटरपर्यंतचा प्रवाह नकाशावर उतरला होता. कोडार ही यंत्रणा त्यातूनच आली.

भौतिकी तोवर सुटली होती. यापुढची डोकेदुखी अँटेनाची. 1990च्या दशकात हॅम्बुर्ग विद्यापीठाने विकसित केलेल्या वेरा यंत्रणेत अँटेनांची रांग लावून झोत वळवतात. पण 4.4 मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीवर 16 अँटेना लावायच्या तर 500 मीटर मोकळा किनारा लागतो. कोडारमध्ये एकाच खांबावर एकमेकांना काटकोनात असलेली दोन वेटोळी आणि एक उभी अँटेना असते. दिशा संकेतांच्या गुणोत्तरावरून गणिताने काढतात. जागा वाचते, जोखीम वाढते. जवळ तारेचे कुंपण, दिव्याचा खांब किंवा नवी पत्र्याची शेड उभी राहिली की दिशा बिघडते. मग वेग बरोबर येतो, पण नकाशावर भलत्याच जागी पडतो: 100 किलोमीटरवर 5 अंशांची चूक म्हणजे जवळपास 9 किलोमीटर. त्यासाठी छोटा प्रक्षेपक घेऊन होडी केंद्राभोवती अर्धवर्तुळात फिरवून अँटेनाचा खरा आकृतिबंध, म्हणजे कोणत्या दिशेचा संकेत ती किती ताकदीने पकडते, ते मोजतात. परिसर बदलला की हे काम पुन्हा करावे लागते, आणि कंटाळा येतो तो नेमका इथेच.

लाटा आणि वारा याच संकेतातून मिळतात, पण त्यांच्यावर प्रवाहाइतका भरवसा टाकू नये. लाटांची उंची मुख्य शिखरांच्या आजूबाजूच्या मंद पसाऱ्यातून काढतात. 4.4 मेगाहर्ट्झला लाटा लहान असतील तर तो गोंगाटात बुडतो. 25 मेगाहर्ट्झला त्या 4 मीटरपर्यंत चढल्या की पसारा शिखरातच मिसळतो. वाऱ्याची दिशा दोन शिखरांच्या कमी-जास्त ताकदीवरून समजते, तरी वारा डावीकडून की उजवीकडून हे एका केंद्राला उमजत नाही. वेगाचे आकडे तर अंदाजच समजावेत.

भारतात चेन्नईच्या एनआयओटी या सागरी तंत्रज्ञान संस्थेने 2008 ते 2010 दरम्यान कोडारच्या पाच जोड्या उभ्या केल्या: खंभातचे आखात, ओडिशा, आंध्र, तामिळनाडू आणि अंदमान. पल्ला सुमारे 200 किलोमीटर. माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्राकडे जाते. कोकणपट्टीला त्या पाचांत जागा नव्हती. लघुलहरींचा पट्टा आधीच गजबजलेला, म्हणून 2012च्या जागतिक रेडिओ परिषदेत या रडारना ठरावीक वारंवारता-पट्टे मिळाले. तरी रात्री आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, दूरच्या रेडिओ केंद्रांचा गोंगाट येतो आणि पल्ला घटतो.

रुंदीची मर्यादाही आहेच. 25 किलोहर्ट्झ पट्टारुंदी (रडार वापरते त्या वारंवारतांचा पसारा) असेल तर समुद्राचे एकेक खण 6 किलोमीटरचे पडतात. खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएस या जल-विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची प्रतिरूपे तपासणाऱ्यांना बंदराच्या तोंडाशी प्रवाह कसा वळतो ते हवे असते. तेवढ्या बारकाव्यासाठी हे खण फार मोठे. 25 मेगाहर्ट्झवर 150 किलोहर्ट्झ रुंदी घेतली तर खण 1 किलोमीटरवर येतो, पण पल्ला पन्नासेक किलोमीटरांच्या आत उतरतो. त्याहून लहान जागेसाठी अजूनही होडीतून सोडलेले प्रवाहमापक वापरावे लागतात.