मत्स्यालयाच्या झाकणातील दिवे आणि पंखे: बटण एक, विद्युतमंडले दोन

मत्स्यालयावरचे झाकण, ज्याला हौशी मंडळी हूड म्हणतात, ही विजेच्या दृष्टीने अडचणीची जागा आहे. खाली उघडे पाणी, वर कोंडलेली दमट हवा आणि त्या हवेत तासन् तास चालणारे दिवे. अशा जागी एक-दोन छोटे पंखे बसवावेत आणि ते दिव्यांबरोबरच सुरू व बंद व्हावेत, ही कल्पना कोणालाही सुचेल अशीच आहे. मात्र एका बटणावर चालणे आणि एकाच विद्युतमंडलात (सर्किटमध्ये) असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की पंखा जळू शकतो, दिवे बिघडू शकतात आणि पाणी मात्र गरमच राहते.

पंखा लागतो तरी कशासाठी, हे आधी पाहू. एलईडी दिवा काटकसरी असला, तरी त्याला मिळालेल्या विजेपैकी साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक ऊर्जा दिव्याच्या जागीच उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. उरलेल्या ऊर्जेचा प्रकाश होतो खरा, पण तोही पाणी, वाळू आणि वनस्पती यांच्यात शोषला गेला की त्याचा मोठा भाग शेवटी उष्णताच होतो. १०० लिटर पाण्यावर ४० वॅटचे दिवे १० तास चालले आणि त्यांची सर्व उष्णता पाण्यातच राहिली असे धरले, तर तापमान सुमारे साडेतीन अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात काचेतून आणि झाकणातून बरीच उष्णता निघून जाते, त्यामुळे वाढ यापेक्षा कमी असते. परंतु बंद झाकणाखाली ती जाणवण्याइतकी नक्कीच असते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅमच. नेमक्या त्याच वेळी उष्ण पाण्यात माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते.

पंखा स्वतः हवा थंड करत नाही. पाण्याच्या पृष्ठभागालगत बाष्पाने भरलेल्या हवेचा जो थर साचतो, तो हटवून तेथे कोरडी हवा आणून देणे एवढेच त्याचे काम. थंडावा येतो तो बाष्पीभवनामुळे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख जूल उष्णता खर्च होते. वरच्या उदाहरणातील दिव्यांनी १० तासांत दिलेली सगळी उष्णता सुमारे ६०० मिलिलिटर पाणी उडून गेले की फिटते. म्हणूनच दोन-तीन वॅटचा पंखा ४० वॅटच्या दिव्यांना पुरून उरतो. अट एकच, बाहेरची हवा पुरेशी कोरडी हवी. हवाच दमट असेल तर कितीही पंखे लावले तरी पाणी हवेच्या आर्द्रकंद तापमानाखाली, म्हणजे त्या हवेत बाष्पीभवनाने गाठता येणाऱ्या किमान तापमानाखाली, जाऊ शकत नाही. यावरून पंख्याची दिशाही ठरते. पंख्याने बाहेरची हवा आत, पृष्ठभागावर तिरकी ढकलावी आणि झाकणाच्या दुसऱ्या टोकाला ती बाहेर पडण्यासाठी मोकळी जागा ठेवावी. उलट बसवलेला पंखा दमट हवा स्वतःतून ओढतो, आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीवर तर क्षार साचून त्याचे बेअरिंग लवकर खराब होते.

आता जोडणी. या कामासाठी बहुधा संगणकातले १२ व्होल्टचे पंखे वापरतात. त्यांची लाल तार धन आणि काळी तार ऋण असते. तिसरी पिवळी तार असल्यास ती केवळ वेग सांगणारा संकेत देते, ती मोकळीच पण टोक झाकून ठेवावी. एकाहून अधिक पंखे समांतर, म्हणजे प्रत्येकाच्या दोन्ही तारा थेट पुरवठ्याला, जोडावेत. दोन पंखे एकसर (सिरीजमध्ये, एकामागोमाग एक) जोडले तर १२ व्होल्ट त्यांच्यात विभागले जातात, तेही सारखेच विभागले जातील याची खात्री नसते, आणि एखादा पंखा सुरूच होत नाही.

खरा घोटाळा होतो तो एलईडीच्या ड्रायव्हरपाशी, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या उपकरणापाशी. जास्त शक्तीचे एलईडी ज्या ड्रायव्हरवर चालतात तो व्होल्टेज नव्हे, तर विद्युतधारा स्थिर ठेवतो, उदाहरणार्थ ७०० मिलिअँपिअर, आणि तेवढी धारा वाहावी म्हणून लागेल तितके व्होल्टेज आपल्या मर्यादेत वाढवतो. १५० मिलिअँपिअरचा पंखा त्या एलईडींच्या माळेत एकसर घातला, तर ड्रायव्हर त्याच्यातूनही ७०० मिलिअँपिअर ढकलू पाहतो. तोच पंखा माळेला समांतर जोडला, तर त्याच्या दोन्ही टोकांना कदाचित ३० व्होल्ट मिळतात. दोन्ही मार्गांनी पंखा निकामी होतो. त्यामुळे अशा दिव्यांबरोबर पंख्यांना १२ व्होल्टचा स्वतंत्र अडॅप्टर द्यावा आणि ड्रायव्हर व अडॅप्टर यांचे प्लग एकाच टायमरवर लावावेत. बटण एक होते, विद्युतमंडले वेगळी राहतात.

याला एक अपवाद आहे. १२ व्होल्टची एलईडी पट्टी स्थिर व्होल्टेजवर चालते, त्यामुळे ती आणि पंखे एकाच अडॅप्टरवर समांतर चालू शकतात. २४ वॅटची पट्टी २ अँपिअर घेईल, दोन पंखे मिळून ०.३ अँपिअर, म्हणजे एकूण २.३, थोडी सवड ठेवून ३ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा. प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर मात्र केवळ पट्टीच्या शाखेत बसवावा. तो वीजप्रवाह वेगाने तोडत-जोडत असतो, आणि साधा दोन तारांचा पंखा त्यावर गुरगुरतो किंवा थांबतो.

यापुढचा प्रश्न तारांचा नसून तर्काचा आहे. दिव्याच्या उष्णताशोषक धातूच्या पट्ट्यांवर (हीटसिंकवर) वारा घालणारा पंखा दिव्याच्याच वेळेला बांधलेला असणे योग्य आहे. पाणी गार करणाऱ्या पंख्याला मात्र ते वेळापत्रक जुळत नाही, कारण पाणी उष्णता धरून ठेवते आणि दिवे मालवल्यावरही काही तास गरम राहते. शिवाय खोलीच गरम असेल तर दिव्यांचा संबंधच उरत नाही. त्या पंख्याला पाण्यात संवेदक असलेला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार चालू-बंद करणारा स्विच, हवा. टाकीत हीटरही असल्यास दोघांसाठी ठरवलेल्या तापमानांत अंतर ठेवावे, उदाहरणार्थ हीटर २५ अंशांना बंद आणि पंखा २७ अंशांना सुरू. नाहीतर एक पाणी तापवत राहील आणि दुसरा ते निववत राहील. एकच पंखा बसवायचा असेल, तर माझ्या मते दिव्याला पंख्याविना पुरेल इतकी मोठी उष्णताशोषक पट्टी द्यावी आणि पंखा पाण्याच्या थर्मोस्टॅटवर सोपवावा. टी-५ नळ्या (बारीक फ्लुओरेसंट ट्यूब) वापरणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट: या नळ्या सभोवतालची हवा ३५ अंशांच्या आसपास असताना सर्वाधिक प्रकाश देतात, त्यामुळे थेट त्यांच्यावर जोराचा वारा सोडल्यास प्रकाश उलट घटतो.

आवाजाचा त्रास होत असेल तर १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवर चालवून पाहावा. वेग आणि हवेचे प्रमाण साधारण त्याच गुणोत्तरात उतरते, आवाज मात्र बराच कमी होतो. लहान वेगवान पंख्यापेक्षा मोठा संथ पंखा बहुधा चांगला.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. मुख्य पुरवठ्याचे व्होल्टेज शक्यतो झाकणात नेऊच नये. ड्रायव्हर आणि अडॅप्टर बाहेर, पाणी उडणार नाही अशा जागी ठेवावेत. प्रत्येक तार प्लगकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन मग वर जावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतात. सर्व पुरवठा ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचमधून घ्यावा, सांधे डाख देऊन उष्णतेने आकसणाऱ्या नळीत बंद करावेत, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावेत. मुख्य व्होल्टेजवर चालणाऱ्या नळ्या आणि बॅलास्ट (नळ्यांची धारा नियंत्रित करणारे उपकरण) झाकणात असतील, तर ते काम जाणत्या वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे व धातूचे भाग अर्थिंगला जोडावेत.

पंखे चालू लागले की पाण्याची पातळी रोज उतरू लागते. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, म्हणून भर घालायची ती क्षारविरहित पाण्याची. १०० लिटरच्या सागरी टाकीतून रोज ६०० मिलिलिटर पाणी उडत राहिले आणि आठवडाभर भर घातली नाही, तर क्षारता ३५ वरून सुमारे ३६.५ ग्रॅम प्रति किलोपर्यंत चढते. म्हणून अशा टाकीवर पंख्याच्या जोडीला आपोआप पाणी भरणारी तरंगती झडप बसवणे सोयीचे ठरते.