आगाऊ वर्गणीची वैद्यकसेवा, अमेरिकेतील

प्रत्येक उपचाराची वेगळी फी न आकारता दरडोई ठरावीक रक्कम आधीच घेऊन, नेमलेल्या डॉक्टरांच्या गटाने सेवा पुरविण्याची पद्धत. १९७० पासून ती ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’ (एचएमओ) या नावाने ओळखली जाऊ लागली.

उगमाविषयी एकमत नाही. बहुधा १९२९ हे वर्ष दिले जाते. पण त्या एकाच वर्षाला तीन दावेदार आहेत. डॅलसमधील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयात जस्टिन फोर्ड किंबल यांनी शिक्षकांना महिना ५० सेंटांत वर्षाकाठी २१ दिवस रुग्णालयात राहण्याची सोय करून दिली. ओक्लाहोमातील एल्क सिटी येथे मायकेल शदीद यांनी शेतकऱ्यांना भाग विकून सहकारी रुग्णालयाची उभारणी आरंभली. लॉस अँजेलिसमध्ये रॉस व लूस या डॉक्टरद्वयाने पाणी व वीज खात्याच्या कर्मचाऱ्यांची जबाबदारी घेतली. पैकी बेलरच्या योजनेत डॉक्टरांची फी धरलेली नव्हती. तिच्यातून पुढे ‘ब्लू क्रॉस’ हा रुग्णालय-खर्चाचा विमा वाढला, तेव्हा तिची जागा विम्याच्या इतिहासात. शिवाय वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमाचे वेस्टर्न क्लिनिक १९१० च्या सुमारासच लाकूड गिरण्यांतील कामगारांना महिना ५० सेंटांत सेवा देत होते. त्यामुळे १९२९ हा आरंभ नव्हे, प्रसाराचा टप्पा मानणे सयुक्तिक ठरते.

पद्धतीचे अर्थकारण डॉ. सिडनी गारफील्ड यांच्या दवाखान्यात स्पष्ट दिसते. १९३३ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात कोलोरॅडो जलवाहिनीच्या मजुरांसाठी १२ खाटांचे रुग्णालय काढले. विमा कंपन्या बिले रखडवीत, त्यामुळे ते बुडण्याच्या बेतात आले. मग कामावरील इजांसाठी मजुरामागे रोज ५ सेंट आगाऊ मिळू लागले. इतर आजारांसाठी मजूर स्वखुशीने आणखी ५ सेंट देत. आता पायात घुसलेला खिळा म्हणजे दवाखान्याला खर्च. गारफील्ड स्वतः कामाच्या जागी जाऊन फळ्यांतले वर आलेले खिळे ठोकायला लावीत, असे सांगतात. ‘कैसर पर्मनंटे’ ही संस्था याच प्रयोगातून आली.

वैद्यक संघटनांचा विरोध कडवा होता. रॉस व लूस यांना स्थानिक संघटनेने काढून टाकले. राजधानी वॉशिंग्टनमधील अशाच एका योजनेची अडवणूक केल्याबद्दल अमेरिकन मेडिकल असोसिएशन मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरली. सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये ती शिक्षा कायम केली.

१९७३ च्या एचएमओ कायद्याने केंद्राचे अर्थसाहाय्य मिळाले. १९८० नंतर नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आणि तपासणी वा शस्त्रक्रियेआधी मंजुरी घेण्याची प्रथा रुळली.