जुन्या डिस्कवरील फायली परत मिळवणे (सोलापूर)

फ्लॉपी, सीडी, डीव्हीडी किंवा जुन्या जोडणीची हार्ड डिस्क आजच्या संगणकाला वाचता येत नसेल, तर तिच्यावरचा मजकूर, चित्रे, चित्रीकरण आणि हिशेब पुन्हा वापरता येतील अशा रूपात काढून घेण्याचे काम. यात तीन अडचणी एकमेकींवर चढलेल्या असतात : डिस्क बसवायला यंत्र नसणे, डिस्क स्वतःच खराब झालेली असणे आणि फाइल हाती येऊनही ती उघडणारे सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट नसणे. लोक बहुधा पहिलीलाच खरी अडचण समजतात. सोलापुरात सर्वांत दमवते ती तिसरी, कारण या शहराचा छापील व्यवहार मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत चालत आला आहे आणि युनिकोड (सर्व लिप्यांसाठीचे आजचे सामाईक अक्षर-संकेतन) रुळण्यापूर्वी या प्रत्येक भाषेचे संगणकावरचे घर वेगळे होते.

अशा डिस्क शहरात ठरावीक ठिकाणी सापडतात. डीटीपी केंद्रे आणि लग्नपत्रिकांचे छापखाने, फोटो स्टुडिओ, पतसंस्था व दुकानांच्या जमाखर्चाची कपाटे, पूर्व भागातील आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील चादर-टॉवेलचे कारखाने, आणि अर्थातच घरोघरचे माळे. माळा ही डिस्क ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, पत्र्याखाली त्याहून अधिक. लिहिता येणाऱ्या सीडीतील रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने बिघडतो, आणि सप्टेंबरच्या पावसात ओल धरलेल्या फ्लॉपीवर बुरशी चढते.

पहिली काळजी

डिस्क हाती आल्यावर ती लगेच संगणकात घालू नये. ३.५ इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडे ठेवले की तिच्यावर लिहिता येत नाही, ५.२५ इंची फ्लॉपीत उलटे असते, तिथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. हे न करता फ्लॉपी घातली आणि विंडोजने ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असे विचारले, तर घाईत ‘होय’ म्हटले जाते. त्या प्रश्नाचा अर्थ डिस्क कोरी आहे असा नसतो, तिची सुरुवात वाचता आली नाही एवढाच असतो. बुरशी दिसत असेल तर डिस्क आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावी लागते. तशीच फिरवली तर तिचा पृष्ठभाग खरवडला जातो, वाचणारे हेड घाण होते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीही त्या ड्राइव्हमध्ये बिघडतात.

दुसरा नियम इमेजचा. डिस्कवरून एकेक फाइल ओढून घेण्याऐवजी पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा माहितीचा सर्वांत लहान कप्पा) संपूर्ण डिस्कची एकच प्रत, म्हणजे इमेज, घ्यायची, आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे. यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन विशेष उपयोगी आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग पटकन उचलते, अडलेल्या जागांची नोंद एका नकाशा-फाइलमध्ये ठेवते आणि मग त्याच जागांवर पुन्हा पुन्हा जाते. तीच नकाशा-फाइल वापरून तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालता येते. एका ड्राइव्हने सोडलेला सेक्टर दुसरा अनेकदा वाचतो, म्हणून जुने ड्राइव्ह भंगारात देणे हे या कामात मोठे नुकसान आहे.

फ्लॉपी

३.५ इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे दोन बाजू, प्रत्येकी ८० ट्रॅक (गोल पट्टे), प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट : एकूण १४,७४,५६० बाइट. यातल्या पहिल्या ३३ सेक्टरमध्ये बूट सेक्टर, कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारे फॅट तक्ते (दोन प्रती) आणि २२४ नोंदींची मुख्य यादी असते. हे सगळे शून्य क्रमांकाच्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या ट्रॅकच्या दोन बाजूंवर मावते. त्यामुळे बाहेरच्या कडेला एक चरा गेला तर संगणकाला संपूर्ण डिस्क रिकामी वाटते, पण आतल्या ७९ ट्रॅकवरचा मजकूर जागेवर असू शकतो. अशा वेळी ‘फोटोरेक’सारखे साधन यादीकडे न पाहता फाइलच्या सुरुवातीच्या खुणा शोधते आणि फायली बाहेर काढते. नावे हरवतात, मजकूर मिळतो. पुसलेल्या फाइलचेही तसेच : नावाचे पहिले अक्षर बदललेले आणि फाइलचे तुकडे जोडणारी साखळी मोडलेली असते, पण तिच्या जागी नवीन काही लिहिले गेले नसेल तर मजकूर तिथेच असतो.

आज बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साधारणपणे ३.५ इंची, ७२० केबी आणि १.४४ एमबी एवढेच प्रकार वाचतो. ५.२५ इंची फ्लॉपीसाठी त्याचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी ५.२५ इंची ड्राइव्ह आणि तो जोडायला जुन्या मदरबोर्डवरची फ्लॉपीची जागा किंवा ‘ग्रीझवीझल’, ‘क्रायोफ्लक्स’ असे कार्ड लागते. ही कार्डे सेक्टर वाचत बसत नाहीत. हेडखालून जाणारे चुंबकीय बदल (फ्लक्स) जसेच्या तसे नोंदवतात आणि अर्थ नंतर संगणकावर लावला जातो. जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० व ८०० केबीच्या फ्लॉपी साध्या पीसी ड्राइव्हला न वाचण्याचे कारण हेच, की त्यांचे संकेतन वेगळे आहे आणि मूळ ड्राइव्ह ट्रॅकनुसार फिरण्याचा वेग बदलत असे. डीटीपीत मॅक वापरणाऱ्या छापखान्यांच्या पेट्यांत अशा फ्लॉपी निघू शकतात. त्या फेकण्यापूर्वी फ्लक्स वाचणाऱ्या कार्डावर पाहाव्यात.

एखादी फ्लॉपी फक्त ‘त्या’ एकाच जुन्या संगणकावर चालायची अशी आठवण असेल तर ती गांभीर्याने घ्यावी. त्या ड्राइव्हचे हेड किंचित सरकलेले असेल तर त्याने लिहिलेले ट्रॅकही सरकलेले असतात, आणि दुरुस्त ड्राइव्हला ते सापडत नाहीत.

सीडी आणि शूटिंगच्या डिस्क

सीडीची वाचायची बाजू गुळगुळीत ठेवण्याची धडपड सगळे करतात, पण नाजूक असते ती नावाची बाजू. सीडीत चांदीसारखा परावर्तक थर लेबलच्या अगदी खाली, पातळ वार्निशच्या आड असतो. खालच्या पॉलिकार्बोनेटवरचा चरा पॉलिश करून बऱ्याच अंशी घालवता येतो. वरून बॉलपेनने दाबून लिहिलेले नाव मात्र थर उखडते आणि तिथला मजकूर कायमचा जातो. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती वरून अधिक टिकते.

सोलापुरातल्या घरांत सर्वांत जास्त जीव अडकतो तो लग्न, मुंज, गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा यांच्या शूटिंगच्या सीडीत. त्या बहुतेक व्हीसीडी असतात : १९९३ च्या मानकानुसार, ३५२ बाय २८८ चित्रबिंदू, एमपेग-१. साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते आणि चुका सुधारण्यासाठी वेगळी जागा राखलेली असते. व्हीसीडीच्या चित्रणाच्या सेक्टरमध्ये ती राखीव जागाही चित्रालाच देऊन २३२४ बाइट भरलेले असतात. म्हणून टीव्हीखालच्या प्लेअरवर नुसती ठिपक्यांनी थरथरून पुढे जाणारी सीडी संगणकात कॉपी करताना अर्ध्यावर ‘एरर’ देऊन थांबते. प्लेअर चूक गिळून पुढे जातो, विंडोज थांबते. अशा सीडीवरून ‘डॅट’ (चित्रणाची) फाइल ओढण्याचा हट्ट न धरता ‘व्हीसीडीएक्सरिप’ किंवा ‘आयसोबस्टर’सारख्या साधनाने कच्चे सेक्टर वाचावेत; बिघडलेल्या जागी क्षणभर चित्र फाटते, पण बाकी विधी सलग मिळतो. ड्राइव्हचा वेग कमी ठेवला तर निकाल सुधारतो.

थोड्या-थोड्या वेळाने भर घातलेल्या सीडीत अनेक सत्रे (प्रत्येक भरीचे एक) असतात आणि संगणक सहसा शेवटचे सत्र दाखवतो. त्यात मागच्या सत्रांचा दुवा तुटला असेल तर ‘जुने फोटो गेले’ असे वाटते. ते गेलेले नसतात, आधीचे सत्र उघडावे लागते. बंद न केलेली (लिहून झाल्यावर ‘फायनलाइझ’ न केलेली) सीडी साध्या वाचक ड्राइव्हपेक्षा रायटरमध्ये वाचली जाण्याची शक्यता अधिक.

हार्ड डिस्क

४० पिनांची आयडीई (जुन्या जोडणीची) हार्ड डिस्क यूएसबी अडॅप्टरवर बहुधा लगेच दिसते. डिस्कवरचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘मास्टर’वर ठेवावा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या, एलबीए (सेक्टरना ओळीने क्रमांक देण्याची पद्धत) न जाणणाऱ्या डिस्क या अडॅप्टरला ओळखू येत नाहीत, त्यांना जुना मदरबोर्डच लागतो. टकटक असा आवाज येत असेल तर वीज तोडावी आणि पुढचे काम धूळमुक्त स्वच्छ खोलीची सोय असलेल्यांकडे द्यावे. अशी डिस्क घरी उघडू नये.

अक्षरे

इमेज मिळाली, फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हांची सरमिसळ दिसली, की लोक फाइल करप्ट झाली म्हणून सोडून देतात. मराठीच्या बाबतीत हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या पॅकेजेसमध्ये देवनागरी आकार रोमन संकेतांच्या जागी बसवलेले होते आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. योग्य फॉन्ट लावला की मजकूर पुन्हा दिसतो. म्हणूनच फायलींसोबत जुन्या संगणकाचे फॉन्टचे फोल्डरही उचलून घेणे हे यातले सर्वांत मोलाचे आणि सर्वांत विसरले जाणारे काम आहे. अनेक पॅकेजेस पॅरलल पोर्टात (जुन्या प्रिंटरच्या जोडणीत) बसणाऱ्या लॉकवर चालत, तो नसेल तर उघडत नसत. तो लॉक सापडला तर टाकू नये.

युनिकोडमध्ये रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी आणि रफार अडवतात. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी, अक्षराआधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफारही उलट दिशेने हलवावा लागतो. कोणताही कन्व्हर्टर जोडाक्षरांत चुका ठेवतो, त्यामुळे शेवटी मराठी नीट वाचणाऱ्या माणसाने ओळ न् ओळ तपासणे टळत नाही. याउलट जिस्ट कार्डावर (सी-डॅकचे भारतीय लिप्यांचे कार्ड) इस्की संकेतात (भारतीय मानक १३१९४, वर्ष १९९१) ठेवलेल्या सभासद याद्या व खातेवह्या तुलनेने स्वच्छ उतरतात, कारण इस्की आणि युनिकोड दोन्ही उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवतात.

इतर भाषांची पॅकेजेस वेगळी : तेलुगूसाठी अनु, कन्नडसाठी नुडी व बरहा, उर्दूसाठी इनपेज. एकाच पत्रिकेच्या फाइलमध्ये यांतले दोन-तीन एकत्र आले तर एकच कन्व्हर्टर सगळ्यांवर चालवून उपयोग नसतो. भाषेनुसार तुकडे वेगळे करावे लागतात. मांडणीच्या फायलींपैकी पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तिच्या फायली आणि कोरलड्रॉच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये बऱ्याच अंशी उघडतात, डीबेस या जुन्या माहितीसाठा-प्रणालीच्या डीबीएफ याद्या तर थेट तक्त्यासारख्या उघडतात.

नक्षीच्या फायली

चादरीची जॅकार्ड (ताण्याचा प्रत्येक धागा वेगळा उचलून विणलेली) नक्षी आधी आलेखावर रंगवली जाई आणि मग पुठ्ठ्याच्या कार्डांवर छिद्रे पाडली जात. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यावर अनेक यंत्रांचे नियंत्रक ३.५ इंची फ्लॉपीवरून नक्षी घेऊ लागले. चमत्कारिक गोष्ट अशी की आधीची पुठ्ठ्याची कार्डे आजही नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात, तर नंतरची फ्लॉपी वाचता येत नाही. जुना माग अजून चालू असेल तर फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी ‘गोटेक’सारखा इम्युलेटर बसवतात, तो पेन ड्राइव्हवरच्या फ्लॉपी इमेज वाचतो आणि नियंत्रकाला फरक कळत नाही. मात्र त्याआधी प्रत्येक फ्लॉपीची इमेज घेतलेली असली पाहिजे. नियंत्रक स्वतःच्याच पद्धतीने फ्लॉपी फॉरमॅट करत असेल तर ती विंडोजला कोरी दिसते, तिथे फ्लक्स वाचणारे कार्ड लागते. नक्षीची फाइल निघाल्यावरही ती कोणत्या मागासाठी होती, हूक (धागे उचलणारे आकडे) किती आणि कोणती हूक काठाला दिलेली, ही माहिती फाइलमध्ये नेहमी नसते. ती फ्लॉपीच्या लेबलवर, कारखान्याच्या वहीत किंवा त्या काळी नक्षी करणाऱ्या कारागिराला माहीत असते, म्हणून इमेज घेतानाच लेबलचा फोटो काढून त्याच नावाने शेजारी ठेवतात.