आरती प्रभू (काव्यनाम)

आरती प्रभू : नवकवी चिंतामण त्र्यंबक खानोलकर (८ मार्च १९३० – २६ एप्रिल १९७६) यांनी कवितेपुरते घेतलेले स्त्रीनाम. बाईने पुरुषी नाव घेऊन लिहिल्याचा दाखला म्हणून इंग्रजी कादंबरीकार जॉर्ज इलियट सगळ्यांना ठाऊक असते. दक्षिण कोकणात मराठी कवितेने नेमके याच्या उलट पाहिले.

खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोलीचे. कुडाळला खानावळ चालवत असताना त्यांची ‘शून्य शृंगारते’ ही कविता फेब्रुवारी १९५४ च्या ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकात या नावाने छापून आली. ‘प्रभू’ हे त्या मुलखातले नेहमीचे आडनाव आणि ‘आरती’ हे मुलीचे. त्यामुळे ऐकणाऱ्याला शंका यावी असे नावात काही नाही.

मराठी कवींना टोपणनावांचे वावडे कधीच नव्हते. मालगुंडच्या कृष्णाजी केशव दामल्यांनी वडिलांवरून ‘केशवसुत’ घेतले, शिरवाडकरांनी बहिणीवरून ‘कुसुमाग्रज’. कुणाचा मुलगा, कुणाचा थोरला भाऊ, एवढे तरी ती नावे सांगून टाकतात. मालती बेडेकरांची (तेव्हाच्या बाळूताई खरे) गोष्ट वेगळी. ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) त्यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने काढले, कारण बाईने मनातले लिहिले तर लोक काय म्हणतील हा धाक खरा होता आणि पुढे उठलेल्या वादळाने तो खरा ठरवला. खानोलकरांना हा धाक नव्हता. म्हणूनच लपण्यासाठी घेतलेले नाव, एवढ्यावर हा विषय सोडून देणे त्यांच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. कवी कोण हे सर्वांना कळल्यावरही ‘जोगवा’ (१९५९), ‘दिवेलागण’ (१९६२) आणि ‘नक्षत्रांचे देणे’ (१९७५) आरती प्रभूंच्याच नावे आले. ‘कोंडुरा’ ही कादंबरी किंवा ‘एक शून्य बाजीराव’ हे नाटक मात्र खानोलकरांचे. ‘नक्षत्रांचे देणे’ला १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी हयात नव्हते.

मराठीत असे नाव पेलणे कठीण, कारण ‘गेलो’ की ‘गेले’ हे बोलणाऱ्याला तिथल्या तिथे ठरवावे लागते. ‘गेले द्यायचे राहून’ या कवितेत बोलणारा ‘आलो’ म्हणतो, म्हणजे पुरुष आहे. ‘समईच्या शुभ्र कळ्या’ मधल्या बाईला मागे राहिलेले माहेर आठवते. दोन्हींखाली नाव एकच. समईची वात पेटताना ज्योत आधी थरथरते, मग कळीसारखी मिटून उभी राहते. कोकणातल्या घरात दिवेलागणीला वाती सारख्या करून ही समई लावायची ती घरातल्या बाईने. त्या हाताला जे दिसते तेच या कवितेत आले आहे.